डोस सासरचा, बाळंतपण माहेरचं

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून मुलीला पाठवायची आपल्याकडे रीत आहे. रीत चांगली आहे. दिवस भरत आले तरी हंडे उचलणाऱ्या सुना मी पाहिल्यात. त्यांना आईच्या घरची झोप मिळायलाच हवी. पण जिला गरोदरपणात इन्सुलिन चालू आहे, तिच्यासाठी हा मुहूर्त नेमका अडचणीचा. त्याचा विचार दवाखानाही करत नाही आणि घरचेही.

मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका होते, त्यातली बरीच वर्षं गरोदर मातांच्या ओपीडीत काढली. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला द्यायचं आणि दोन तासांनी साखर बघायची. १४० किंवा त्याच्या वर आली की आधी आहार बदलायचा. दोन आठवड्यांत जेवणानंतरची साखर १२० च्या आत आली नाही, तर इन्सुलिन किंवा गोळी. म्हणजे सुई सुरू होते ती साधारण सातव्या महिन्याच्या तोंडावर, आणि लगेच मुलगी एसटीत बसते.

तिच्या पर्समध्ये चिठ्ठी असते: सकाळी ८ युनिट. पण पुढचे दोन महिने वारेतून येणारी संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करत जातात. डोस आठवड्या-दोन आठवड्यांनी वाढवावा लागतो. चिठ्ठी मात्र ८ वरच थांबलेली. माहेरच्या डॉक्टरांनी १८ केले की घर हादरतं. ‘सिस्टर, एवढं वाढलं म्हणजे रोग बळावला ना?’ रोग बळावलेला नसतो, वार वाढत असते. आणि बाळाला सुई बाधेल ही भीती तर अगदी उलटी आहे. इन्सुलिन वार ओलांडत नाही, साखर ओलांडते. मग बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवायला लागतं, बाळ फुगतं आणि नाळ कापल्यावर त्याची स्वतःची साखर घसरते.

सिरिंजचा घोळ वेगळाच. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० च्या मापाचं असतं, त्याला लाल टोपणाची सिरिंज. एकीला माहेरच्या मेडिकलमधून नारिंगी टोपणाची, म्हणजे १०० च्या मापाची मिळाली. तिच्यावर २० च्या रेघेपर्यंत भरलं की अंगात जातात फक्त ८ युनिट. साखर का उतरत नाही म्हणून ती बिचारी जेवण तोडत होती. उलटी अदलाबदल झाली तर अडीचपट डोस जातो, तो जिवावर बेतू शकतो.

आणि स्वयंपाकघर. ‘लेक माहेरी आली आणि तिच्या ताटात मोजून भाकरी वाढू?’ असं एका आईनं मला डोळ्यांत पाणी आणून विचारलं होतं. वाढा, असंच म्हणाले मी. एका वेळी दीड, सोबत उसळ, अंडं, ताक, आणि मधल्या वेळी पुन्हा थोडं. उपाशी ठेवायला कुणीच सांगत नाही. सोनोग्राफीत बाळ बारीक दिसलं की लगेच शिरा होतो, तोही चुकीच्या समजुतीवर. दिसायला बारीक असलेल्या आपल्या बाळांच्या अंगात चरबी मात्र टिकून असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानं कधीच दाखवून दिलं आहे.

बाळंत झाल्यावर चित्र काही तासांत पालटतं. वार पडली की इन्सुलिनची गरज झपाट्यानं उतरते. ज्यांना मधुमेह गरोदरपणातच झाला, त्यांची सुई बहुधा बंद होते. ज्यांना आधीपासून होता, त्यांचा डोस बराच कमी करावा लागतो. तो आकडा डिस्चार्जच्या कागदावर ठळक लिहिलेला असावा. जुनी चिठ्ठी पाहून कुणी रात्री टोचलं, तर अंगावर पाजणाऱ्या बाईला पहाटे दरदरून घाम फुटतो, हातपाय कापतात. तेव्हा आधी तीन चमचे साखर पाण्यातून, बाकी सगळं नंतर.

सहा आठवड्यांनी उपाशीपोटी पुन्हा ७५ ग्रॅमची तपासणी करायची असते, कारण गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका मोठा. ही तपासणी जवळजवळ कुणीच करत नाही. मुलगी माहेरी असते, नोंद सासरच्या दवाखान्यात, आणि माहेरची आशाताई म्हणते, ही आमच्या यादीत नाही.

पण त्याच सहाव्या आठवड्यात बाळाची पेंटाव्हॅलंटची पहिली लस असते. ती चुकवत नाहीत. आजी स्वतः नातवाला घेऊन येते. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतोच, तर ज्या आईच्या माता-बाल संरक्षण कार्डावर साखरेचा शिक्का आहे, तिला आणखी दीड तास बसवा. आदल्या दिवशी निरोप द्या की सकाळी काही न खाता ये. कार्ड ती माहेरीही सोबत नेते, मग इन्सुलिनचा चालू डोस, बाटलीचं माप आणि या तपासणीची तारीख त्याच कार्डावर लिहायला काय हरकत आहे? लसीकरणाच्या दिवशी गर्दी असते, हे मला सांगू नका. ती गर्दी मीच सांभाळलीय. तालुक्यात अशा बाया एका दिवशी दोन-तीनच निघतील, त्यांना एक बाकडं पुरतं.