पुसदचं गवत

वऱ्हाडाला समुद्र नाही, म्हणून इथे सत्याग्रहासाठी मिठाऐवजी गवत निवडलं गेलं. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून अटक ओढवून घेतली. त्याच महिन्यात डॉ. हेडगेवारही यवतमाळला जंगल सत्याग्रहातच पकडले गेले. जिल्ह्यात कुठल्याही व्यासपीठावर हा इतिहास सांगितला की टाळ्या पडतात. आज झरी जामणीच्या पोडावरल्या, म्हणजे वस्तीवरल्या, एखाद्या कोलाम आदिवासीनं राखीव जंगलातलं गवत कापलं, तर तो वनगुन्हा ठरू शकतो.

कारण इंग्रज साहेबाचा १९२७ चा भारतीय वन कायदा अजून लागू आहे. २०१९ मध्ये वन खात्याला बंदूक वापरायचे जादा अधिकार देणारा मसुदा आला. ओरड झाली तेव्हा मागे घेतला. ब्याण्णव वर्षांनी सुचलेली दुरुस्तीही साहेबापेक्षा कडकच!

२००६ च्या वनहक्क कायद्यानं निदान प्रस्तावनेत ऐतिहासिक अन्याय कबूल केला. गावातल्या म्हाताऱ्यांचं सांगणं पुरावा धरावं, अशी सोयही नियमांत आहे. तरी दावा घेऊन गेलेल्याला आधी विचारतात ते कागदच.

आणि खरी मेख पुढे आहे. आदिवासीनं १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की भागतं. शेजारच्या तांड्यावरल्या बंजाऱ्याला मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. धुरा एकच, पण भांडण एकमेकांशी. रकानाही हद्दीनुसार बदलतो. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि पैनगंगा हद्द झाली. आजही नदी ओलांडून आदिलाबादेत गेलं की हाच बंजारा अनुसूचित जमातीत, अलीकडे विमुक्त जातीत. २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेट पुढे करून अनुसूचित जमातीत घ्या म्हणून बंजारा समाजानं मोर्चे काढले, त्याविरोधात आदिवासींनी काढले. आदिवासींच्या जमिनी बाहेरच्यांनी लाटल्या हे खोटं नाही, त्यामुळे त्यांची धास्ती आम्हांला अनाठायी वाटत नाही. पण दोन्ही मोर्चे जुन्या राजवटीच्या कारकुनानं भरलेल्या रकान्यांवरून आपसांत झुंजतात, आणि ज्या खात्याच्या ताब्यात जंगल आहे त्याला कुणी जाब विचारत नाही, हे काही आमच्या पचनी पडत नाही.

म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग जंगलावर. त्यात पोडावरचे लिहिताहेत, तांड्यावरचे लिहिताहेत, एक निवृत्त वनाधिकारीही. तिघांचं पटलेलं नाही. आम्हीही पटवायला गेलो नाही. कापूस वेचणीच्या धांदलीत सवड काढून वाचा. पत्रं धाडा, रागाची असली तरी छापू.