तामणाचे रोप आणि पहिली चार वर्षे

भीमजयंतीला किंवा बुद्धपौर्णिमेला विहाराच्या आवारात, चाळीपुढच्या मोकळ्या पट्टीत रोप लावण्याची पद्धत बऱ्याच वस्त्यांत रुजली आहे. चांगली गोष्ट आहे. परंतु खड्डा खणायला पन्नास हात आणि उन्हाळ्यात पाणी घालायला एखादी आजी, हे चित्र आम्ही अनेक ठिकाणी पाहतो. रोप जगले तर तिच्याच जिवावर. आणि जगल्यावर त्याला वळण कोणी लावायचे, हे तर कोणाला सुचतही नाही. म्हणून या खेपेस वळणाविषयी.

उदाहरणाला तामण घेऊ. हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यफूल. कोकणात ओढ्यानदीच्या काठाने ते आपसूक वाढते, म्हणजे पाण्याचे भुकेले झाड. ऐन एप्रिल-मेच्या उन्हात फांद्यांच्या टोकांना जांभळे तुरे येतात. पण त्याच उन्हात कोवळे रोप लावू नये. कार्यक्रम हवाच असेल तर त्या दिवशी खड्डा खणून शेणखत भरावे, आणि पाऊस धरल्यावर रोप लावावे. पहिल्या उन्हाळ्यात रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड दोन बादल्या आळ्यात सावकाश मुरवाव्यात. नळाला पाणी कमी असेल तर तांदूळ-भाजी धुतलेले चालते, साबणाचे नको. आळ्यातली माती किंवा पालापाचोळा खोडाला भिडू देऊ नये, साल कुजते.

आधाराला दोन्ही बाजूंना बांबू रोवावेत आणि जुन्या लुगड्याची पट्टी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी सैल बांधावी. खोड वाऱ्याने थोडे हलले पाहिजे, त्यानेच ते जाड होते. वर्षभराने बांबू काढून टाकावेत. तार मात्र कधीही बांधू नये. जयंतीच्या पताकांची तार खोडाला गुंडाळली जाते, मंडप उतरतो, तार तिथेच राहते. खोड फुगत जाते आणि तार सालीत रुतते. झाड अन्न खाली नेते ते सालीच्या आतल्या थरातून. तो थर चहूबाजूंनी आवळला की मुळे उपाशी मरतात. हे वाचून झाल्यावर आपापल्या झाडाभोवती एकदा हात फिरवून या. लोखंडी पिंजऱ्याच्या सळया खोडाला टेकल्या असतील तर त्याही वेळीच वाकवाव्यात.

आता छाटणी. पहिल्या वर्षी मोडके आणि वाळके सोडून काहीही कापू नये. पाने असतील तरच मुळे धरतील. थंडीत तामणाची पाने तांबूस होऊन गळतात. दुसऱ्या वर्षी नवी पालवी फुटण्याआधी, फेब्रुवारीच्या सुमारास झाडापुढे उभे राहून नीट बघावे. फुले नव्या फुटीवरच येतात, त्यामुळे या वेळी छाटल्याने बहर बुडत नाही.

सर्वांत आधी शोधायचा तो दुशेंडा. सारख्या जाडीचे दोन शेंडे अरुंद बेचक्यातून वर गेले असतील तर त्यांतला सरळ असेल तो ठेवावा, दुसरा काढावा. अशा बेचक्यात दोन्हींची साल आत दाबली जाते, लाकूड एकजीव होत नाही. दहा-पंधरा वर्षांनी जुलैच्या वाऱ्यात झाड फाटते ते इथेच, आणि खाली कोणाचे पत्र्याचे छप्पर असते, कोणाचे मूल असते. आज हे काम अंगठ्याएवढ्या फांदीचे आहे.

खालच्या फांद्या एकदम साफ करण्याची आपल्याकडे फार हौस. ते चुकीचे आहे. त्या फांद्याच खोडाला पोसतात. त्या आखूड कराव्यात आणि खोड जाड होईल तशा दर वर्षी एक-दोन काढाव्यात. एका वर्षात चौथ्या हिश्श्याहून जास्त पाने कमी करू नयेत. शेंडा उडवून झाड मुंडे करणे तर नकोच. त्यातून फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात, पुढे तेच मोडतात.

फांदी जिथून निघते तिथे बुडाशी जरा फुगीर कडे असते. कड्याच्या लगेच बाहेर कापावे. कडे खरवडू नये, खुंटीही ठेवू नये. जखमेवर डांबर, रंग, शेण काही लावू नये. अमेरिकेच्या वन खात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून दाखवून दिले की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड बिघडलेला भाग आतल्या आत कोंडून घेते आणि वरून नवे लाकूड चढवते. ते कड्यातूनच चढते.

हत्यार म्हणाल तर कोयता नको, त्याने साल चिरफाळते. द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्यांकडे सिकेटर असतो, तो मागून आणावा आणि धार लावून घ्यावी. जाड फांदीला करवत: आधी बुडापासून वीतभर दूर खालून अर्धवट चीर, मग थोडे पुढे वरून काप, आणि उरलेली खुंटी शेवटी कड्यापाशी. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते.

खोडापर्यंत सिमेंटचा कट्टा बांधू नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे मीटरभर काँक्रीट काढायला लावले होते. आणि झाड शहर हद्दीत असेल, तर १९७५ च्या राज्य कायद्याप्रमाणे झाडाला इजा करणेही तोडण्यातच धरले जाते. तेव्हा मोठ्या फांदीला हात घालण्यापूर्वी पालिकेच्या उद्यान विभागाकडे मंडळाच्या नावाने अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घेऊन ठेवावी.