जवळची वाट कोणती?

दोन गावांमधील अंतर व वाहनाचा वेग कळला की प्रवासास लागणारा वेळ त्रैराशिकाने काढता येतो, असे आपण शाळेत शिकलो. बैलगाडी व आगगाडी यांना हा नियम बहुतांशी लागू पडतो. विमानाला तो तसाच लावला, तर मात्र उत्तर चुकते.

दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को या दोन विमानतळांचे उदाहरण घेऊ. पृथ्वीच्या गोलावर या दोहोंमध्ये दोरा ताणून धरला, तर तो चीन व सायबेरिया ओलांडून थेट उत्तर ध्रुववृत्तात शिरतो. त्याची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये या दोन शहरांमध्ये विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जाई. ते अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर होते आणि सोळा तासांहून अधिक वेळ लागे. ऑक्टोबर २०१६ मध्ये विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर १५,३०० किलोमीटरांवर गेले, पण प्रवास साडेचौदा तासांत आटोपला! भागाकार करून पाहावा. वेग ताशी हजार किलोमीटरांच्या वर जातो.

हे श्रेय वाऱ्याचे. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहत असतात. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ते पाठीमागून रेटतात, तर पश्चिमेकडे जाणाऱ्यास अडवतात. पृथ्वी फिरते म्हणून मुक्काम आपोआप जवळ येतो, ही समजूत मात्र खरी नव्हे. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरतच असते.

या वाटेत आणखी एक गंमत आहे. पॅसिफिकमधील आंतरराष्ट्रीय वाररेषा पूर्वेकडे ओलांडली की दिनांक एका दिवसाने मागे येतो. समजा, ऑक्टोबरातील एखाद्या रविवारी पहाटे चार वाजता दिल्लीहून विमान निघाले. साडेचौदा तासांनी ते उतरेल, तेव्हा दिल्लीत सायंकाळचे साडेसहा झालेले असतील. परंतु सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ त्या महिन्यात साडेबारा तास मागे असल्यामुळे तेथे त्याच रविवारची सकाळ असेल आणि सहा वाजलेले असतील. घड्याळापुरते पाहिल्यास प्रवास दोनच तासांचा. थकलेल्या शरीराला मात्र खरा हिशेब ठाऊक असतो.

आज आपल्यांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे त्या किनाऱ्यावर आहेत आणि उतारवयातील आईवडील एकट्यानेच तिकडे निघतात. त्यांनी किलोमीटरांची भीती बाळगू नये. विमानात किती तास बसावे लागेल, हे आधी विचारून घ्यावे. औषधांच्या वेळा त्या तासांवरून ठरवाव्यात, घड्याळावरून नव्हे. मुलांना कळवताना विमान पोहोचण्याचा तेथील वार आणि दिनांक स्पष्ट लिहावा. तेवढी एक ओळ राहिली, तर इतक्या लांब सुखरूप जाऊनही विमानतळावर न्यायला कोणी आलेले नसते.