वांगणीत गिरणी होती काय?

गिरणी कामगारांना घरं कधी मिळणार, हा प्रश्न इतका जुना झालाय की तो विचारणारेच एकेक करून चाललेत. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा जो पंचविशीत होता, तो आज सत्तरीच्या घरात आहे. आता त्याला सांगितलं जातंय, शेलू-वांगणीला जा. बदलापूरच्या पुढची, कर्जत मार्गावरची ही स्टेशनं. तिथे सुमारे 81 हजार घरं बांधायची योजना आहे. जुलै 2025 मध्ये आझाद मैदानात कामगार जमले ते याच्याच विरोधात. घर द्या, पण मुंबईत द्या.

माझ्या ओळखीचे कणकवलीचे एक काका गिरणीच्या साचाखात्यात बदली कामगार होते. घराच्या अर्जाचे कागद तपासायला बोलावलं की मुंबईला येतात. पिशवीत गेटपास, ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती. घामाने मऊ झालेले कागद, वर जाड प्लास्टिक. योजनेचं सांगितलं तर म्हणाले, "वांगणीत गिरणी होती काय रे?"

गिरणी होती परळला, लालबागला, वरळीला. तिथल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाळीप्रमाणे झोपणारी गावची माणसं, एक उठला की त्याच्या वळकटीवर दुसरा. जेवण खानावळीच्या बाईकडे. कामाला चालत जाता येईल इतक्या जवळ राहायचं, एवढ्यासाठी हे सगळं सोसलेलं.

जमीन कुठे गेली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेचीच. इमारती पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून वगळली. आता गिरणीचं आवार म्हणजे शेडच शेड, रिकामी जागा असणार ती किती? उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कामगारांच्या आणि शहराच्या बाजूने कौल दिला, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्या जमिनींवर पुढे काय उभं राहिलं, ते लोअर परळच्या पुलावरून दिसतंच.

त्यामुळे 'मुंबईत जागाच नाही' हे वाक्य ऐकलं की माझी चिडचिड होते. जागा होती, ती वाटली गेली. म्हाडाच्या सोडतीत काही हजारांना गिरण्यांच्याच जमिनीवर घरं लागली, हेही खरं, आणि ती लागली तेव्हा लालबागेत पेढे वाटले गेले. पण अर्जदार दीड लाखाच्या वर.

घर किती चौरस फुटांचं, यावर आपण तावातावाने बोलतो. ते किती लांब, यावर कुणी बोलत नाही. सीएसएमटीपासून वांगणी जवळपास 80 किलोमीटर, त्यात कर्जतच्या गाड्या मोजक्या. काकांचा नातू लोअर परळच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात आहे. शटर ओढून हिशेब होईतो साडेदहा वाजतात. तो काळाचौकीला मामाच्या खोलीत राहतो, पाच जणांत सहावा. वांगणीचं घर लागलंच तर घ्यायचं, असं त्यांच्याकडे ठरलंय. ते भाड्याने द्यायचं, आणि पोराने काळाचौकीतच राहायचं.