कागद खरा, पण रकान्यात बसत नाही: ‘उमीद’ पोर्टल आणि आपले जुने दस्त

गेल्या नोव्हेंबरात एका रात्री दहाच्या सुमारास माझ्या मोबाईलवर तीन फोटो आले. खाली मेसेज होता: “अस्सलामु अलैकुम टीचर. एवढं वाचून मराठीत टाईप करून द्या. उमीदवर चढवायचंय, दिवस कमी राहिलेत.” पाठवणारे शेजारच्या गावातल्या जमातीचे खजिनदार. फोटो एका मुंतखबचे होते. मुंतखब म्हणजे निजामाच्या काळात इनामाची चौकशी होऊन मिळालेला निवाड्याचा कागद. मराठवाड्यात मशीद, दर्गा, कब्रस्तानाच्या जमिनींसाठी असे कागद पुष्कळ ठिकाणी पेट्यांत पडून आहेत. माझं शिक्षण उर्दूतून आणि मराठीतून झालं, त्यामुळे अशी कामं फिरत फिरत माझ्याकडे येतात.

कागद वाचायला मला दोन तास लागले. तो फॉर्ममध्ये बसवायला तीन संध्याकाळी गेल्या. असं का झालं, हे शोधताना जे समजलं ते इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न एका गावाचा नाही.

आधी आकडे बघू. केंद्र सरकारने ६ जून २०२५ रोजी ‘उमीद’ पोर्टल सुरू केलं. सुधारित वक्फ कायद्याच्या कलम ३-ब प्रमाणे, आधीच नोंदलेल्या प्रत्येक वक्फची माहिती सहा महिन्यांत त्यावर भरायची होती. १ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ द्यायला नकार दिला आणि ज्यांना अडचण आहे त्यांनी ट्रिब्युनलकडे जावं असं सांगितलं. मुदत संपल्यावर मंत्रालयाने आकडे दिले: ५,१७,०४० मालमत्तांची नोंद सुरू झाली, २,१६,९०५ मंजूर झाल्या, २,१३,९४१ सादर होऊन तपासणीत होत्या, आणि १०,८६९ तपासणीत नाकारल्या गेल्या. आता वजाबाकी करा. साधारण ७५ हजार नोंदी उरतात, ज्या सुरू झाल्या पण शेवटापर्यंत गेलेल्या दिसत नाहीत. ‘वामसी’ या जुन्या पोर्टलवर तर ८ लाख ७० हजारांहून जास्त मालमत्ता दाखवल्या जायच्या.

यावर आपल्याकडे दोन प्रकारची चर्चा झाली. एक, सरकारची नियत. दुसरी, मुतवल्लींचा आळस. दोन्हींवर बोलण्यासारखं बरंच आहे, पण मधली एक गोष्ट राहूनच गेली: कागदावरची माहिती आणि संगणकाला हवी असलेली माहिती या दोन वेगळ्या चिजा आहेत.

संगणक अर्थ वाचत नाही, जागा वाचतो. १९७० साली आयबीएममधले एडगर कॉड यांनी एक पेपर लिहिला आणि माहिती तक्त्यांमध्ये, ओळी आणि रकान्यांमध्ये कशी ठेवायची याचा पाया घातला. बँक, रेल्वे आरक्षण, रेशन, आधार, आमची शाळेची ऑनलाइन माहिती, बहुतेक सगळं त्याच पद्धतीवर चालतं. प्रत्येक रकान्याला नाव असतं आणि त्यात काय चालेल ते ठरलेलं असतं. तारखेच्या जागी तारीखच, क्षेत्राच्या जागी आकडाच. ही झाली रचनाबद्ध माहिती, ज्याला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. लाखो नोंदींतून एक नोंद क्षणात सापडते ती यामुळेच.

दुसऱ्या टोकाला मोकळी माहिती: हाताने लिहिलेला दस्त, जुम्म्याचं बयान, लग्नाचा व्हिडिओ, खजिनदारांनी पाठवलेला फोटो. आपल्याला त्यात सगळं दिसतं. संगणकाला त्या फोटोत फक्त ठिपके दिसतात, कुठे काळा, कुठे पिवळट.

या दोन्हींच्या मध्ये आणखी एक प्रकार आहे, अर्धवट रचना असलेला. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज घ्या. कोणी पाठवला, किती वाजता, कोणत्या ग्रुपवर, हे ठरलेल्या जागी असतं, पण आतला मजकूर मोकळा. आपला सातबाराही बराचसा असाच. भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार यांना पक्के रकाने आहेत. पण शेजारी ‘इतर अधिकार’ नावाचा एक रकाना असतो. त्यात कुळाचं नाव, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, इनामाचा शेरा, सगळं वाक्यांत कोंबलेलं. आणि कितीतरी ठिकाणी आपल्या जमिनीबद्दलचा महत्त्वाचा शब्द याच रकान्यात असतो. भोगवटादाराच्या नावाने शोध घेणाऱ्या संगणकाला तो सापडत नाही, कारण तो तिथे पाहतच नाही.

आता त्या मुंतखबकडे येते. कायद्याला वक्फ कधी झाला याची तारीख हवी. कागदावर होतं ‘खुरदाद १३२५ फसली’. हिजरी नाही, इसवी नाही. हैदराबाद संस्थानात कामकाजाला फसली साल चालायचं आणि ते साधारण ऑक्टोबरात सुरू व्हायचं. फसली सालात ५९० मिळवले की इसवी साल येतं, पण खुरदाद सातवा महिना, म्हणजे तोवर इसवी साल बदललेलं असतं. हिशेब केला तर १९१६चा एप्रिल येतो. जो माणूस नुसते ५९० मिळवेल तो १९१५ लिहील. जो १३२५ला हिजरी समजेल तो १९०७ लिहील. तिघांनाही फॉर्म ‘बरोबर’ म्हणेल, कारण तिन्ही तारखा तारखेसारख्याच दिसतात. पुढे कोर्टात कागद आणि नोंद शेजारी ठेवल्या की मग प्रश्न विचारला जाणार.

कायद्याला हद्दीही हव्यात. कागदात मशरिकला नाला, मगरिबला शेजारच्या गावाची वाट, शुमालला एका घराण्याचं शेत, जुनूबला दर्ग्याची भिंत असं लिहिलं होतं. ही माहिती चुकीची नाही. शंभर वर्षांपूर्वी गावातलं पोर ती हद्द चालत जाऊन दाखवू शकलं असतं. आज नाल्यावर रस्ता झालाय, शेताचे चार तुकडे झालेत, आणि जुना सर्वे नंबर एकत्रीकरणात बदलून गट नंबर झाला आहे. जुन्या नंबरला नवा नंबर कोणता, हे भूमी अभिलेखाच्या जुन्या उताऱ्यांतून काढावं लागतं. ते काम माझं नाही आणि फॉर्म भरून देणाऱ्या पोराचंही नाही. पण शेवटच्या आठवड्यात ते त्याच्याच अंगावर पडतं.

मधे एक गंमत झाली, म्हणजे तेव्हा अजिबात गंमत वाटली नाही. वेळ वाचवायला एकाने मोबाईलच्या अ‍ॅपमधून तो फोटो वाचून घेतला. अ‍ॅपने क्षेत्र १३ एकर काढलं. कागदावर १२ होते. उर्दू आकड्यांत दोन आणि तीन यांत फक्त एका दात्याचा फरक, त्यात बोरूने घाईत लिहिलेलं. एका एकराची चूक आपल्या फायद्याची दिसते म्हणून कुणी बोललं नसतं, पण असाच वाढीव आकडा उद्या ‘खोटी नोंद’ म्हणून आपल्याच समोर धरला जातो.

नस्तालीक लिपी मशीनला जड का जाते, याचं कारण तिच्या सौंदर्यातच आहे. अक्षरं एकमेकांत मिसळून तिरकी उतरतात, नुक्ते जागा सोडून बसतात, आणि जेर-जबर बहुधा लिहिलेच जात नाहीत. मीम, लाम, काफ ही तीन अक्षरं सलग आली तर मलिक वाचा, मुल्क वाचा, नाहीतर मिल्क वाचा. पहिलं माणसाचं नाव, दुसरा देश, तिसरी मालकी! जमिनीच्या कागदात यातलं काय ते मागचं-पुढचं वाक्य बघूनच ठरतं. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात मोडीचे दस्त सापडतात, तिथेही तेच. मोडीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागाच नसते. युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली ती २०१४ साली.

आता कुणी म्हणेल, एआय आलंय ना, ते वाचेल. वाचतं, आणि दिवसेंदिवस बरं वाचतं, हे मी स्वतः बघते. पण या प्रोग्रॅमचं काम म्हणजे पुढचा शब्द कोणता असण्याची शक्यता जास्त आहे, याचा अंदाज. जिथे कागद फाटलाय तिथेही ते गुळगुळीत वाक्य तयार करून देतात. वर्गातला हुशार पण न वाचलेला मुलगा धडा सांगतो ना, तसं. मजकूर समजून घ्यायला त्याची मदत घ्या, पण त्याचा अंदाज सरळ नोंदीत टाकू नका.

माहितीचा आकार बदलला की तिचा उपयोग बदलतो, हे वक्फपुरतं नाही. बिहारमध्ये ऑगस्ट २०२५ला मतदार यादीचा मसुदा आला तेव्हा सुमारे ६५ लाख नावं त्यात नव्हती. थोड्याच दिवसांत बातम्या आल्या की संगणकाने शोधता येणाऱ्या फायलींच्या जागी पानांचे स्कॅन केलेले फोटो ठेवले गेले. माहिती अक्षर न् अक्षर तीच, पण शोध बंद. मतदारांची खासगी माहिती जपण्यासाठी असं करतो, ही आयोगाची जुनी भूमिका आहे आणि तिच्यात अगदीच तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. तरी १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने वगळलेल्या नावांची यादी कारणांसह आणि मतदार ओळखपत्राच्या नंबरवरून शोधता येईल अशी जाहीर करायला सांगितली. म्हणजे माहिती कोणत्या रूपात द्यायची, हाही न्यायाचा प्रश्न झाला.

म्हणून ‘उमीद’च्या आकड्यांकडे बघताना मला दोन्ही बाजूंना सांगावंसं वाटतं. ८ लाखांचे ५ लाख झाले, म्हणजे बाकीच्या जमिनी खोट्या होत्या, असं कुणी म्हणत असेल तर तो ओळी मोजतोय, जमिनी नाही. एकच कब्रस्तान तीन गट नंबरांत पसरलेलं असेल तर जुन्या यादीत तीन ओळी असू शकतात, नव्यात एक. आणि आपल्यातले जे म्हणतात, अपलोड झालं, सुटलो, त्यांनी मंजूर झालेली नोंद एकदा उघडून मूळ कागदाशी ताडून बघावी. तपासणीत सगळे रकाने भरलेत का हे दिसतं. नाल्याच्या जागी काय लिहिलंय, ते गावातल्या माणसालाच कळणार.

एक मात्र खरं, की कायद्याने वक्फनामा ‘उपलब्ध असल्यास’ मागितला आहे. कागद नाही म्हणून फॉर्म अर्धा सोडून दिला असेल तर ते योग्य नाही. ट्रिब्युनलला योग्य कारण पटलं तर आणखी सहा महिन्यांपर्यंत मुदत देण्याची तरतूद त्याच कलमात आहे, आणि ‘दस्त उर्दूत आहे, वाचणारा मिळाला नाही, जुन्या नंबरचा उतारा मागितलाय’ हे लेखी दाखवता येण्यासारखं कारण आहे. उताऱ्यासाठी केलेल्या अर्जाची पोच जपून ठेवा.

आमच्या शेजारच्या जमातीने शेवटी एक साधी वही केली. डाव्या पानावर मूळ उर्दू ओळ जशीच्या तशी, नंबर घालून. उजव्या पानावर मराठी, आणि जिथे हिशेब केला तिथे हिशेबही: फसली किती, इसवी किती, कोणी काढलं. जे वाचता आलं नाही तिथे ‘अवाचनीय’ असं स्वच्छ लिहिलं, अंदाज घातला नाही. कागद सपाट ठेवून, सावली न पाडता नीट स्कॅन करून घेतला, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की त्यातले नुक्ते आधी पुसट होतात. पोर्टलवर जे भरलं त्याची प्रिंट त्याच वहीत चिकटवली आहे. वहीतल्या एकूण चौदा ओळींपैकी तीन अजून वाचायच्या आहेत. त्यासाठी मूळ कागदच घेऊन या म्हणून मी खजिनदारांना कळवलं आहे.