'जनतेचे हाल' कोणाच्या तोंडी?



शहरात बस बंद पडली की दुसऱ्या दिवशी पेपरात एकच मथळा असतो: 'जनतेचे हाल'. जानेवारी 2019 मध्ये मुंबईची बेस्ट नऊ दिवस बंद राहिली तेव्हा हाच मथळा होता. 8 जून 2018 ला एसटीच्या चालक-वाहकांनी कसलीही सूचना न देता गाड्या आगारात लावल्या तेव्हाही हाच. 2017 ची दिवाळी, 2021 ची दिवाळी, 2024 चे गणपती; मथळा काही बदलला नाही. लोकांचा संतापही ठरलेला. 'माजलेत', 'वेठीला धरतात', 'सणासुदीलाच बरे सुचते', 'सरळ घरी बसवा'. चहाच्या टपरीवर हे बोलणारे आपलेच असतात, आणि कधी कधी आपणही असतो.

हा संताप खोटा नाही. त्यातला खरा भाग आधी मान्य करू.

मुंबईत बेस्ट बंद झाली तर लोकल आहे, रिक्षा आहे, ज्याची ऐपत त्याची टॅक्सी आहे. हेमलकशाला काय आहे? आलापल्लीहून जंगलातला साठ-एक किलोमीटरचा रस्ता, आणि पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडला तोही नाही. रेल्वे पाहायची तर वडसा नाही तर बल्लारपूर गाठा. 1973 साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना इथे आहे म्हणून दूरदूरचे रोगी येतात, पण यायचे कशाने? ऑक्टोबर 2021 च्या शेवटी सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. साडेपाच महिने! कोरोनाने बंद पडलेल्या शाळा खेड्यात ऑक्टोबरमध्येच उघडल्या होत्या. लगेच गाडी बंद. मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा झाल्या त्याही गाडीवाचून. ज्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, त्यांच्या हातात पास राहिला आणि गाडी गेली. वरोरा, राजुरा, कोरपन्याकडे ऐन कापूस वेचणीचे दिवस होते. मजुरांची ने-आण, बाजार, बँकेची फेरी, सारे काळीपिवळीवाल्याच्या मर्जीवर. 8 नोव्हेंबर 2021 ला सरकारने खाजगी बस, शाळेच्या बस, एवढेच काय मालवाहू गाड्यांनाही माणसे वाहायची मुभा दिली. माणूस सरकीच्या पोत्यासारखा चढला, आणि भाडे मात्र गाडीवाला मागेल ते.

तेव्हा कास्तकाराला राग आला यात नवल नाही. प्रश्न आहे तो राग कोणावर काढायचा याचा.

पहिली गोष्ट, 'अचानक' या शब्दाची. वावरात पऱ्हाटी एका दिवसात वाळत नाही. मुळाजवळची ओल आठवडे न् आठवडे कमी होत असते. आपल्याला दिसते ते शेवटच्या दिवशी माना टाकलेले झाड. एसटीचे तसेच झाले. 2020 च्या टाळेबंदीत याच चालकांनी परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोचवले, आगारोआगारची माणसे मुंबईत बेस्टच्या मदतीला गेली. त्याच वर्षी पगार महिने-महिने थकले. नोव्हेंबर 2020 मध्ये कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. त्या वाचून कोणाला शहारा आला नसेल तर तो विदर्भातला माणूस नव्हे. ओल आटत होती तेव्हा पेपरात मथळा नव्हता. चाक थांबले त्या दिवशी तो छापून आला.

दुसरी गोष्ट, 'तोट्यातली एसटी'. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून एसटीने खेड्यात जायचे ते नफा पाहून नव्हे. मुक्कामी गाडी कुठल्याच हिशेबात परवडत नाही, तरी ती गेली पाहिजे. विद्यार्थी, म्हातारे, अपंग यांच्या सवलती सरकार जाहीर करते आणि टाळ्या घेते. त्यांची भरपाई वेळेवर येईल याची खात्री नाही. उलट तिकिटातून साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकार घेते, डिझेलवरचा कर वेगळाच. एका हाताने काढायचे, दुसऱ्या हाताने उशिरा आणि तोकडे द्यायचे, मग म्हणायचे, हे आमच्यावर बोजा आहेत! शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगायला नको. भाव पाडून घ्यायचा आणि वर अनुदानाचा उपकार दाखवायचा, हा खेळ आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. 'जनता' म्हणजे कोण?

2021-22 च्या त्याच हंगामात कापूस वर चढला. लांब धाग्याचा हमीभाव 6,025 रुपये होता आणि बाजार पुढे दहा हजारांच्या पलीकडे गेला. कित्येक वर्षांनी कोरडवाहूवाल्याच्या हाती दोन पैसे आले. लगेच ओरड झाली: सूत महाग, कापड महाग, कारखाने बंद पडतील. केंद्र सरकारने 14 एप्रिल 2022 पासून कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क उठवले. एक आठवडा आधी, 7 एप्रिलला, उच्च न्यायालयाने एसटी कर्मचाऱ्यांना कामावर परतण्याचा आदेश दिला होता. दोन्हींचे कारण म्हणे जनतेचे हित. चालकाने पगार मागितला की जनता आठवते, कापसाला भाव मिळाला की जनता आठवते. आणि ज्वारी हमीभावाखाली विकली जाते तेव्हा ही जनता कुठे असते?

1 जून 2017 ला पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप पसरला. रस्त्यावर दूध ओतल्याची चित्रे दाखवून शहराने आपल्याला नासाडी करणारे ठरवले. त्या दुधाला काय भाव मिळत होता हे विचारणारे थोडे. आज एसटीवाल्याला 'माजला' म्हणताना हे आठवावे.

म्हणून काय त्यांच्या प्रत्येक मागणीला टाळ्या वाजवायच्या? नाही. वेळेवर पुरेसा पगार हा त्यांचा हक्क आहे, त्यात दुमत नको. 24 नोव्हेंबर 2021 ला सरकारने मूळ वेतनात सेवेच्या वर्षांप्रमाणे पाच, चार आणि अडीच हजारांची वाढ जाहीर केली. हे आधी झाले असते तर? पण शासनात विलीनीकरण, जे न्यायालयाने नेमलेल्या समितीनेही नाकारले, त्याचा प्रश्न वेगळा आहे. चालक सरकारी नोकर झाला म्हणून भामरागडची गाडी वाढत नाही. संघटित माणसाचा पगार सुरक्षित होतो, असंघटिताची फेरी रद्द होते, असेही घडू शकते. आणि स्पष्ट बोलायचे तर, आयात शुल्क उठले तेव्हा कुठली कर्मचारी संघटना आपल्या बाजूने उभी राहिल्याचे दिसले नाही. सोयरीक दोन्हीकडून व्हावी लागते.

आणखी एक पाहा. सप्टेंबर 2024 मध्ये गणपतीच्या तोंडावर संप झाला, कोकणात जाणारे अडकणार असे दिसताच दोन दिवसांत बैठक झाली आणि साडेसहा हजारांची वाढ मिळाली. शहराचा सण अडला की सरकारला ऐकू येते. जंगलातली पोर पाच महिने शाळेत गेली नाही, तिचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचला नाही.

जिल्हा मेळाव्यात या तीन ठरावांवर चर्चा व्हावी:

एक, संप कोणाचाही असो, दवाखाना, परीक्षा आणि दुर्गम भागातली मुक्कामी गाडी यांना वगळावे, अशी मागणी कर्मचारी संघटनांकडे समक्ष जाऊन करावी. शिव्या देऊन नव्हे, शेजारी बसून.

दोन, प्रवासी कर आणि सवलतींची थकबाकी यांचा आगारवार हिशेब सरकारने जाहीर करावा. बुडवतो कोण ते लोकांना दिसू द्या.

तीन, आपल्या रास्ता रोकोलाही हाच नियम लावावा. तारीख आधी सांगायची, रुग्णाची गाडी आणि परीक्षेचे पोर कधी अडवायचे नाही. 1980 च्या नोव्हेंबरात नाशिककडे कांद्या-उसासाठी रस्ते अडले तेव्हाही अडकलेल्या प्रवाशाने शेतकऱ्याला शिव्या दिल्याच असतील. त्याला आपले म्हणणे पटवणे हेही आंदोलनाचेच काम आहे.

कास्तकार आणि एसटीचा चालक एकमेकांना शिव्या देत राहिले तर दोघांच्याही खिशातून काढणारा निवांत राहतो. मेळाव्याला या. एसटी चालू असेल तर एसटीनेच या.