मलिदा आणि शनिवार

वेळापुरात माउलींची पालखी मुक्कामाला आली की वारकऱ्यांना काय चालतं, काय नाही, हे इथल्या घरांना सांगावं लागत नाही. या अंकातली खाण्याच्या नियमांची वाट मात्र कोकणातली. रायगडच्या बेने इस्रायली ज्यूंनी कोशेरचे, म्हणजे ज्यू धर्मातले आहाराचे, नियम मराठी चुलीवर सांभाळले: कोळंबी-खेकडे वर्ज्य, मटणाला दही लागायचं नाही, रस्सा नारळाच्या दुधात. धंदा तेल गाळण्याचा, पण शनिवारी, शब्बाथला, तेलघाणा बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. मुंबईत १७९६ साली त्यांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. नवस फेडायचा तो एलियाहू हन्नबी या प्रेषिताला, मलिद्याने: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोडासाठी गूळ किंवा साखर, सोबत फळं. पुढे बहुतेक घरं इस्रायलला गेली, मलिदाही गेला. अलिबागला नुसता समुद्र पाहून परतणाऱ्यांचं आम्हाला नवल वाटतं. इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग जरूर पाहा.